झाकली बोली आणि उघडी बोली

वस्तू एकच आणि ती हवी असणारे मात्र अनेक, असा प्रसंग आला म्हणजे ती कोणाच्या पदरात पडावी, हा प्रश्न माणसाच्या व्यवहाराइतकाच जुना आहे. बळाने घ्यावी तर तो दरोडा होतो. वशिल्याने घ्यावी तर तो पक्षपात होतो. चिठ्ठ्या टाकाव्यात तर गरजू आणि बेगरजू एकाच पारड्यात बसतात. म्हणून व्यवहारी माणसांनी आणखी एक मार्ग काढला. ज्यास ती वस्तू अधिक मोलाची वाटत असेल त्याने अधिक मोल सांगावे आणि ती घेऊन जावी. या मार्गाचा थोडासा इतिहास आज सांगावयाचा आहे. त्याचा आरंभ आपल्या परभणीच्या कापसापासून होईल आणि शेवट खेळाडूंच्या बाजारात होईल. एवढा लांबचा प्रवास का करावयाचा, ते वाटेत उलगडत जाईलच.

श्रोतेहो, या व्यवहारास आपल्याकडे तीन नावे आहेत. छापील मराठीत आपण लिलाव म्हणतो. हा शब्द पोर्तुगीजांचा आहे आणि पश्चिम किनाऱ्यावरून घाट चढून तो देशावर आला. मराठवाड्यातील म्हातारी माणसे हर्रास म्हणतात. निजामच्या राजवटीत कचेरीची भाषा उर्दू होती, तिच्या संगतीने हा मूळचा अरबी शब्द आपल्या तोंडी रुळला. तिसरा शब्द बोली. हा मात्र अगदी घरचा, ‘बोलणे’ या क्रियापदाच्या पोटचा. बोली म्हणजे चारचौघांत तोंडाने उच्चारलेले मोल. पण गंमत अशी की, आपल्या बाजारांत शतकानुशतके जी बोली चालली तिच्यात तोंडाने काहीच बोलले जात नसे. ती बोली बोटांची होती, आणि ती बोटे उपरण्याखाली झाकलेली असत.

परभणी जिल्ह्याची जमीन गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काठची, बहुतांशी काळी आणि कसदार. ज्वारी आणि कापूस ही तिची जुनी पिके. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी मनमाडहून गोदावरीच्या खोऱ्यातून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग झाला. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्थानके त्यावर वसली आणि इथल्या कापसास मुंबईचा रस्ता मोकळा झाला. सरकी काढण्याचे आणि गठाणी बांधण्याचे कारखाने आले, त्यांच्यामागून खरेदीदार आले, आणि खरेदीदार व शेतकरी यांच्या मध्ये अडत्या उभा राहिला. मानवत आणि सेलू यांचे नाव कापसाच्या पेठा म्हणून दूरवर झाले ते या काळात.

आता पेठेत सौदा कसा होई ते पाहू. दिवाळीच्या पुढेमागे कापसाने भरलेल्या गाड्या पहाटे पेठेत येऊन उभ्या राहत. शेतकरी आपली गाडी ओळखीच्या अडत्याच्या दुकानापुढे लावी. खरेदीदार येई, गाडीत हात घालून मूठभर कापूस उपटी, बोटांनी धागा ओढून पाही, आणि काही न बोलता आपला हात पुढे करी. अडत्या त्या हातावर उपरण्याचा पदर किंवा रुमाल टाकी आणि त्याखाली दोघांच्या बोटांचे संभाषण सुरू होई. अमुक बोट धरले म्हणजे इतके रुपये, अमुक पेर दाबले म्हणजे इतके आणे, असे ठरीव संकेत असत. ते पेठेपेठेस निराळे असत आणि त्या त्या धंद्यातल्या माणसांसच उमगत. एक खरेदीदार हात काढून घेई, दुसरा हात देई, मग तिसरा. सर्वांचे भाव एकट्या अडत्याच्या ध्यानात राहत. शेवटी तो एकाकडे मान हलवून सौदा झाल्याचे सांगे. गाडीवर बसलेला शेतकरी हे सर्व पाहत असे. पण त्यास दिसे ते केवळ हलणारे उपरणे.

या रिवाजाचे समर्थन करणारे लोक होते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. ते म्हणत की उघड बोलीत खरेदीदार एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. पहिल्याने एक रुपया वाढवला तर दुसरा एक आणा वाढवून थांबतो. त्याच्या मनात पाच रुपये अधिक देण्याची तयारी असली तरी ती मनातच राहते. पदराखाली मात्र दुसऱ्याने काय देऊ केले ते कळत नाही, म्हणून ज्यास माल हवाच आहे तो आपली खरी किंमत पहिल्याच खेपेस सांगून टाकतो. हा युक्तिवाद श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे फार निराळ्या ठिकाणी तो आपणांस पुन्हा भेटणार आहे.

परंतु पेठेतील वस्तुस्थिती या युक्तिवादाप्रमाणे नव्हती. पहिली गोष्ट अशी की, गुपित खरेदीदारांपासून राखावयाचे होते, ते प्रत्यक्षात शेतकऱ्यापासून राखले जाई. खरेदीदार रोज त्याच पेठेत, त्याच पारावर बसणारे. त्यांचा आपसांत मेळ सहज जमे. शेतकरी मात्र वर्षातून दोन-चार खेपा येणारा. दुसरी गोष्ट, सर्व भाव ज्याच्या हाती येत तो अडत्या शेतकऱ्याचा मुखत्यार म्हणवी. पण खरेदीदाराशी त्याचा संबंध रोजचा असे. पदराखाली सर्वांत जास्त कोणी दिले आणि माल कोणास गेला, या दोन गोष्टी एकच आहेत की नाहीत याचा पुरावा कोणापाशीच नसे. तिसरी गोष्ट, ठरलेला भाव पूर्णपणे हाती पडत नसे. तोलाई, हमाली, अडत, धर्मादाय, वानगी, वजनातला कडता अशी कापण्यांची माळ त्यास लागे. निजामच्या राज्यात हाली सिक्का चाले आणि मुंबईच्या व्यापाराचे हिशेब कलदार रुपयांत होत. या दोन नाण्यांच्या दरांतला फरक ज्यास नीट उमगत नसे त्याचा हिशेब आणखीच धूसर होई. शेतकऱ्यास आपला भाव कळे तो घरी परतताना, गाठीतले रुपये मोजून.

या अंधारात पहिला दिवा लागला तो शेजारच्या वऱ्हाडात. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता आणि त्याची देखरेख हैदराबादच्या रेसिडेंटाकडे होती. रेसिडेंटाच्या हुकुमाने १८८६ मध्ये कारंजा येथील कापसाची पेठ नियमांखाली आणली गेली. नियंत्रित बाजाराचा हिंदुस्थानातील हा आरंभ समजला जातो. त्यामागून १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात कापूस बाजाराचा कायदा १९२७ मध्ये आला. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी कमिशनने १९२८ च्या आपल्या अहवालात नियंत्रित बाजारांची आवश्यकता आग्रहाने मांडली. हैदराबाद संस्थानात फसली सन १३३९ मध्ये, म्हणजे १९३० मध्ये, शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला आणि मराठवाड्याच्या पेठांना त्याचा आधार मिळाला.

वऱ्हाडचे कायद्याचे कलम मुंबईत गेले, मुंबईचे हैदराबादेस आले, आणि शब्द थोडेफार बदलले. पण या सर्व कायद्यांचा गाभा एकच होता. सौदा चारचौघांत व्हावा. अडत्या आणि तोलारी यांस परवाना असावा. कापण्या ठरलेल्या असाव्यात. वजने तपासलेली असावीत. आणि बाजाराचा कारभार पाहणाऱ्या समितीत पिकवणाऱ्यासही जागा असावी. कायदा झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी वहिवाट मोडते असे नाही. उपरणी अंगावरून उतरण्यास वेळ लागला. तथापि १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, आणि १९६३ च्या महाराष्ट्राच्या बाजार कायद्यापर्यंत येता येता उघड लिलाव हीच राजमान्य रीत ठरली. पुढे १९७२ पासून राज्याने कापसाची एकाधिकार खरेदी योजना चालवली. तेव्हा तर खरेदीदारच एक उरला आणि कापसापुरती बोलीच संपली. जवळजवळ तीस वर्षांनी तो एकाधिकार सुटला आणि बोली पुन्हा पेठेत आली.

येथवरचा इतिहास ऐकून कोणी असा निष्कर्ष काढील की झाकलेली बोली वाईट आणि उघडी बोली चांगली. हा निष्कर्ष सोपा आहे, पण तो पुरा नाही. त्याची पारख करण्यासाठी आपण काही वेळ परभणी सोडून जर्मनीत जाऊ.

जर्मन महाकवी गटे याने १७९७ च्या जानेवारीत आपले ‘हेर्मान आणि डोरोथेआ’ हे काव्य बर्लिनचा प्रकाशक फीवेग यास देऊ केले. प्रकाशकाच्या मनातले खरे मोल काढून घेण्यासाठी कवीने एक युक्ती योजली. आपली किंमत त्याने लखोट्यात बंद करून बोटिगर नावाच्या मध्यस्थाकडे ठेवली आणि प्रकाशकास कळवले की, तुम्ही आपली किंमत सांगा. ती माझ्या किमतीहून कमी असली तर बोलणे संपले, जास्त असली तर मी माझ्या लखोट्यातलीच रक्कम घेईन. लखोट्यात १००० थालर ही रक्कम होती. प्रकाशकाने सांगितलेली रक्कमही बरोबर १००० थालरच निघाली. बोटिगरच्या हातून गुपित फुटले होते, असे त्या पत्रव्यवहाराचा पुढे अभ्यास करणाऱ्यांनी दाखवले. युक्तीत दोष नव्हता. दोष होता तो मध्यस्थाच्या हातात. मानवतच्या पेठेतील उपरणे आणि वायमारचा लखोटा यांत मैलांचे अंतर असले तरी दोघांचे मर्मस्थान एकच आहे. गुपित कोणाच्या हाती आहे आणि ते उघडताना साक्षीला कोण आहे, हा तो प्रश्न होय.

पुढे १९६१ मध्ये विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने बंद लखोट्याच्या बोलीचे गणित मांडले. सर्वांत मोठी बोली करणाऱ्यास वस्तू मिळावी, पण त्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच मोल द्यावे, असा नियम केला तर प्रत्येकास आपल्या मनातली खरी किंमत लिहिणेच हिताचे ठरते, हे त्याने दाखवले. या विषयातील कामाबद्दल १९९६ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे झाकलेल्या बोलीचे समर्थन करणाऱ्या आपल्या जुन्या व्यापाऱ्यांच्या म्हणण्यात जो सत्याचा अंश होता, तो शास्त्रानेही मान्य केला. मात्र लखोटे सर्वांच्या देखत फुटले पाहिजेत, ही अट गृहीत धरून.

आतापर्यंत आपण मुक्या वस्तूंच्या बोलीविषयी बोललो. कापसाच्या गाडीस आपण कोणाच्या वखारीत जातो याचे सुखदुःख नसते. पण माणसांची बोली लागते तेव्हा काय होते? हा प्रश्नही परभणीस परका नाही. आपल्याकडे शेतीच्या सालगड्यांचे वर्ष पाडव्यापासून पाडव्यापर्यंत असते. गुढीपाडव्यास जुने साल फिटते आणि नव्या सालाची बोलणी होतात. इतके रुपये, इतकी ज्वारी, इतके कपडे. चांगला नांगरट्या, बैलांस जीव लावणारा गडी असला म्हणजे त्याच्या दाराशी दोन धनी येतात, आणि वर्षातील तेवढे चार दिवस तो मोकळा गडी आपले मोल आपण ठरवू शकतो. परंतु हे मोकळेपण सर्वांच्या वाट्यास येत नसे. ज्याच्या अंगावर उचल राहिली असेल त्यास पाडवा असून नसल्यासारखा. नव्या धन्याने जुन्याची बाकी भरली तरच तो हलणार. आणि ती बाकी पुन्हा त्याच्याच नावे चढणार. हैदराबाद संस्थानात अशा बांधील गड्यांस भगेला म्हणत. त्यांच्या करारांस आळा घालण्यासाठी निजाम सरकारने १९३६ मध्ये कायदा केला होता. अखिल भारतात वेठबिगारी रद्द करणारा अध्यादेश १९७५ च्या ऑक्टोबरात निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला.

त्याच १९७५ च्या डिसेंबरात, दोनच महिन्यांनी, अमेरिकेत एक निवाडा झाला. त्याचा संबंध बेसबॉल या आपल्या चेंडूफळीच्या दूरच्या भावंडाशी आहे. तेथील धंदेवाईक खेळाडूंच्या करारात १८७९ पासून एक राखीव कलम शिरले होते. करार संपला तरी खेळाडूवर हक्क जुन्या मालकाचाच. तो त्यास ठेवील, विकील किंवा बदलून देईल, पण खेळाडूने आपण होऊन दुसऱ्याकडे जावयाचे नाही. सेंट लुईसच्या संघात १२ हंगाम खेळलेल्या कर्ट फ्लड यास १९६९ मध्ये त्याच्या संमतीवाचून फिलाडेल्फियास देऊन टाकण्यात आले, तेव्हा त्याने जाण्याचे नाकारले आणि दावा लावला. सर्वोच्च न्यायालयात १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी तो हरला. परंतु १९७५ मध्ये मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन खेळाडूंनी नव्या करारावर सही केली नाही, आणि २३ डिसेंबर रोजी पीटर साइट्स या लवादाने निकाल दिला की, राखीव कलमाची मुदत एक वर्षाची आहे, जन्माची नाही. तेथून खेळाडू मोकळा झाला आणि त्याच्या खेळावर खऱ्या अर्थाने बोली लागू लागली.

सुखवस्तू खेळाडू आणि कर्जात बुडालेला सालगडी यांची दुःखे सारखी होती, असे मला म्हणावयाचे नाही. फ्लड यास वर्षास ९०,००० डॉलर मिळत होते. तरीही दोघांच्या बेडीची कडी एकाच घडणीची होती. बोली करण्याचा हक्क फक्त घेणाऱ्यास, आणि ज्याच्यावर बोली लागावयाची त्यास नाही म्हणण्याची सोय नाही.

आता एक चमत्कारिक गोष्ट पाहा. खरे खेळाडू मोकळे झाल्यावर पाचच वर्षांनी, १९८० मध्ये, डॅनियल ओक्रेंट नावाच्या एका लेखकाने आपल्या मित्रांसह कागदावरच्या बेसबॉलचा एक खेळ मांडला. न्यूयॉर्कच्या ज्या भोजनगृहात ही मंडळी जमत त्याच्या नावावरून त्यास रोटिसरी असे नाव पडले. आज असल्या खेळांस फँटसी म्हणतात. प्रत्येक मित्र म्हणजे एक काल्पनिक संघाचा मालक. प्रत्येकापाशी २६० डॉलरची थैली. तीत २३ खेळाडू बसवावयाचे. हंगामाच्या आरंभी उघड लिलाव व्हावयाचा, आणि मग खऱ्या मैदानावर ते खेळाडू जे पराक्रम करतील त्यांचे गुण या कागदी मालकांस मिळावयाचे. एक खेळाडू एकाच मालकाचा. म्हणून त्याचे मोल. मुंबईत २००८ मध्ये निघालेल्या ड्रीम इलेव्हन या खेळात तसे नव्हते. तेथे एकच फलंदाज लाखो लोकांच्या संघांत असू शकत होता, म्हणून बोलीस कारणच नव्हते. असले पैशाचे ऑनलाइन खेळ भारतात २०२५ च्या कायद्याने बंद झाले. पण आपला विषय तो नव्हे.

आपला विषय आहे तो कागदी बेसबॉलमधील मोकळ्या खेळाडूचा. येथे मोकळा याचा अर्थ कोणत्याच कागदी मालकाच्या संघात नसलेला. हंगाम सहा महिन्यांचा. मध्येच कोणी नामांकित खेळाडू जायबंदी होतो आणि काल कोणी न विचारलेला त्याचा बदली गडी आज एकाएकी मोलाचा होतो. तो कोणी घ्यावा? जो पहिल्याने धावेल त्याने घ्यावा, असा नियम केला तर रात्र जागणाऱ्याचे फावते. गुणांत जो शेवटी आहे त्याने घ्यावा, असे म्हटले तर मागे राहण्यातच फायदा दिसू लागतो. म्हणून पुष्कळ मंडळांनी बंद बोलीचा मार्ग पत्करला. प्रत्येक मालकास साऱ्या हंगामासाठी ठरीव रक्कम, बहुधा १०० डॉलर, नुसती हिशेबापुरती दिली जाते. आठवड्यातून एकदा प्रत्येकाने आपली बोली गुप्तपणे लिहून द्यावयाची. ठरल्या वेळी सर्व बोल्या एकदम उघडावयाच्या. सर्वांत मोठ्या बोलीस खेळाडू मिळावयाचा आणि तितकी रक्कम त्याच्या थैलीतून कमी व्हावयाची. खर्च झालेली रक्कम परत येत नाही.

यातला पेच कापसाच्या जुन्या खरेदीदारास तत्काळ कळला असता. समजा, एकाने ३८ लिहिले, दुसऱ्याने ११ आणि तिसऱ्याने ९. पहिल्यास खेळाडू मिळाला खरा, पण उघड बोली असती तर १२ मध्येच तो मिळाला असता. २६ डॉलर वाया गेले आणि पुढील हंगामात ते कमी पडणार. उलट, हात आखडून १२ लिहावे तर कोणी १३ लिहून घेऊन जातो. फार लवकर खर्च करावे तर ऑगस्टात थैली रिकामी. फार राखून ठेवावे तर हंगाम संपतो आणि उरलेले पैसे कवडीमोल होतात. काही मंडळे यावर विक्रीचा तोडगा लावतात आणि जिंकणाऱ्याकडून दुसऱ्या बोलीहून एकच डॉलर जास्त घेतात.

मघाशी सांगितलेला युक्तिवाद तो हाच. पण पेठेत जो अन्याय झाला तो येथे होत नाही, याची कारणे शोधली म्हणजे आपला मुद्दा स्पष्ट होतो. येथे सर्व बोली करणारे सारख्याच अंधारात असतात. नियम आधीपासून सर्वांस ठाऊक असतात. अंधार ठरल्या घटकेस संपतो आणि कोणी किती लिहिले ते सर्वांस दिसते. आणि चौथे, सर्वांत महत्त्वाचे कारण असे की, येथे नागवला जाईल असा विकणारा कोणी नाही. खेळाडू हे केवळ नाव आहे. खऱ्या माणसास या बोलीचे ना देणे ना घेणे.

मात्र हीच झाकलेली बोली जिवंत माणसावर लागली तर? त्याचे उदाहरण आपल्या देशात घडले आहे. इंडियन प्रीमियर लीगमधील खेळाडूंचा पहिला लिलाव २००८ च्या फेब्रुवारीत मुंबईत झाला, तेव्हा माणसांवर हातोडा पडताना पाहून कित्येकांस विस्मय वाटला. तो लिलाव उघड होता. परंतु जानेवारी २०१० मध्ये मुंबईतच झालेल्या लिलावात प्रत्येक संघास ७,५०,००० डॉलरची मर्यादा होती, आणि कायरन पोलार्ड व शेन बाँड या दोघांसाठी एकाहून अधिक संघ त्या मर्यादेस जाऊन भिडले. तेव्हा नियमाप्रमाणे त्या संघांनी एक गुप्त रक्कम कागदावर लिहून दिली. जास्त लिहिणाऱ्यास खेळाडू मिळाला. पोलार्ड मुंबईकडे गेला, बाँड कोलकात्याकडे. पण लिहिलेली जादा रक्कम खेळाडूच्या पदरी पडली नाही.

रवींद्र जडेजा याची हकीकत तर याहून बोलकी आहे. चालू कराराबाहेर दुसऱ्या संघाशी बोलणी केल्यावरून लीगच्या नियामक मंडळाने त्यास २०१० च्या संपूर्ण हंगामापुरते खेळास बंदी केली. दोन वर्षांनी, २०१२ च्या फेब्रुवारीत, तोच लिलावात आला. चेन्नई आणि हैदराबादचा डेक्कन चार्जर्स हे दोन्ही संघ २० लक्ष डॉलरपर्यंत, म्हणजे आपल्या थैलीच्या तळापर्यंत, येऊन थांबले. पुन्हा गुप्त कागद लिहिले गेले. चेन्नईचा कागद मोठा निघाला. जडेजास २० लक्ष डॉलर मिळाले. कागदावरची रक्कम क्रिकेटच्या नियामक मंडळाकडे गेली आणि ती किती होती हे जाहीर झाले नाही.

शिस्तीसाठी नियम लागतात हे खरे, आणि २० लक्ष डॉलर मिळवणाऱ्याची कीव करण्याचेही कारण नाही. पण घटनेचा आकार पाहा. खेळाडू आपल्यासाठी आडून बोलला तेव्हा तो गुन्हा झाला; मालक त्याच्यासाठी झाकून बोलले तेव्हा तो नियम झाला. आपल्यासाठी कोणी शेवटी किती देऊ केले, हे गाडीवर बसलेल्या शेतकऱ्यास कळत नसे. ते त्या खेळाडूसही जाहीरपणे कळले नाही. उपरणे जाऊन कागद आला, एवढाच काय तो फरक.

एवंच, कोणतीही बोली न्यायाची आहे की नाही हे ती झाकलेली आहे की उघडी, एवढ्यावरून ठरत नाही. तीन प्रश्न विचारावे लागतात. अंधारात कोण आहे. बोली करणारे सारेच, की ज्याचा माल किंवा ज्याचे श्रम त्यावर आहेत तो? अंधार संपतो केव्हा, आणि तेव्हा साक्षीला कोण असते? आणि बोलीने वाढलेला पैसा शेवटी कोणाच्या हाती पडतो? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे चोख असतील तर बंद लखोटाही न्यायाचा. नसतील तर भर चौकातील हातोडाही अन्यायाचा, कारण उघड ओरडणारे खरेदीदार आदल्या रात्री आपसांत ठरवून आले नसतील याची हमी हातोडा देत नाही.

या सर्व लांबच्या प्रवासातून परभणीच्या शेतकऱ्याने घरी काय न्यावे? एक साधी गोष्ट न्यावी. आपल्या आजोबांच्या हाती सौदा झाल्यावर फक्त रुपये पडत. आपल्या हाती सौदापट्टी पडते. त्या कागदावर भाव लिहिलेला असतो, वजन लिहिलेले असते, कापण्या लिहिलेल्या असतात, घेणाऱ्याचे नाव असते. तो कागद हातावेगळा करण्याच्या घाईत न वाचता खिशात घालणारे अजूनही पुष्कळ आहेत. तो न वाचणे म्हणजे उतरलेले उपरणे आपल्याच हाताने पुन्हा पांघरणे होय. १८८६ पासून १९६३ पर्यंत, कारंजापासून मानवतपर्यंत, जी खटपट झाली ती एवढ्यासाठी की, गाडीवर बसलेल्या माणसास आपल्या मालाचे मोल घरी पोहोचण्याआधी कळावे. ते कळून घेण्याचा हक्क मिळाला आहे. तो बजावणे आता आपल्याकडे आहे.